टायफो-मलेरियल ज्वर : खोडून टाकलेल्या एका रोगाचा इतिहास

१/
आज मराठीत ‘विषमज्वर’ म्हटले की टायफॉइड डोळ्यांसमोर येतो. ‘माधवनिदान’ या जुन्या वैद्यकग्रंथात मात्र विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले आहेत. एक दिवस आड येणारा तृतीयक आणि दोन दिवस आड येणारा चतुर्थक यांचे वर्णन वाचले की कोणालाही हिवतापच, म्हणजे मलेरियाच आठवेल.

२/
एकच शब्द, आणि त्याच्या पोटात दोन वेगळे रोग. ही केवळ मराठीची गंमत नाही. मलेरिया आणि जिवाणूंमुळे येणारा ताप यांची गाठ सोडवताना जगभरच्या वैद्यकाने दीडशे वर्षे घालवली. आधी दोन्ही एकच मानले गेले, मग ते कसोशीने वेगळे केले गेले, आणि शेवटी ते खरोखरच एकमेकांचा हात धरून येतात, हे मान्य करावे लागले. त्या प्रवासाचा हा धागा.

३/
सुरुवात १८६२ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. उत्तरेच्या फौजा रिचमंड जिंकण्यासाठी व्हर्जिनियात चिकाहॉमिनी नदीच्या दलदलीत तळ ठोकून बसल्या आहेत. पिण्याचे पाणी गढूळ, शौचखड्डे उघडे, डासांचे थवे आणि जेवणात ताज्या भाजीपाल्याचा पत्ता नाही. शत्रूच्या गोळीपेक्षा तापच अधिक शिपाई आडवे करतो आहे. शिपाई त्या तापाला ‘चिकाहॉमिनी ताप’ म्हणू लागले.

४/
हा ताप कोणत्याच चौकटीत बसेना. थंडी वाजून येई, मध्येच उतरे, म्हणून मलेरिया म्हणावा. तर काही दिवसांनी तो उतरायचेच नाव घेत नसे, जीभ कोरडी पडे, जुलाब होत, रुग्ण बरळू लागे, म्हणजे टायफॉइडची सगळी लक्षणे. मलेरियावरचे हुकमी औषध म्हणजे क्विनाइन. ते काहींना लागू पडे, काहींना पडत नसे.

५/
वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कचेरीत जोसेफ जॅन्व्हियर वुडवर्ड हा तिशीही न गाठलेला लष्करी डॉक्टर होता. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विलक्षण हात होता. पुढे लिंकनच्या शवविच्छेदनाच्या वेळीही तो हजर होता. या तापाला त्याने नाव दिले : ‘टायफो-मलेरियल ज्वर’. मलेरियाचे विष, टायफॉइडचे विष आणि निकृष्ट आहारातून येणारा स्कर्व्ही, अशा तिन्हींच्या मिश्रणातून हे रूप घडते, असे त्याचे म्हणणे होते.

६/
१८६२ मध्येच हे नाव लष्कराच्या अधिकृत रोगतक्त्यात दाखल झाले. डॉक्टरांना ते फार सोयीचे वाटले, कारण मलेरिया की टायफॉइड हा रोजचा वाद एका जोडशब्दाने मिटत होता. युद्ध संपले तरी शब्द संपला नाही. गावोगावचे डॉक्टर तो वापरू लागले आणि अमेरिकेबाहेरच्या वैद्यकीय लिखाणातही तो जाऊन पोचला.

७/
खुद्द वुडवर्ड मात्र सावध होता. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्याने स्पष्ट केले की, टायफो-मलेरियल ज्वर हा स्वतंत्र रोग नव्हे. दोन रोगांचे प्रभाव एकाच देहात एकत्र आले की दिसणाऱ्या संमिश्र रूपांचे ते नाव आहे. पण सोयीच्या शब्दाची एकदा सवय लागली की त्याची तळटीप कोणी वाचत नाही.

८/
इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वुडवर्डच्या काळी मलेरियाचा परजीवी कोणी पाहिलेला नव्हता, टायफॉइडचा जिवाणूही नाही. मलेरिया दलदलीच्या दूषित हवेतून येतो, अशीच समजूत होती. रोग ओळखायचा तो तापाच्या चढउतारावरून, रुग्णाच्या चेहऱ्यावरून, आणि तो दगावलाच तर शवविच्छेदनात आतड्यांवर दिसणाऱ्या व्रणांवरून.

९/
१८८० या एका वर्षाने चित्र पालटले. त्या वर्षी कार्ल एबर्ट याने टायफॉइडच्या जिवाणूचे वर्णन केले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे अल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला एका शिपायाच्या ताज्या रक्तात वळवळणारा जीव दिसला. तो मलेरियाचा परजीवी होता. दोन तापांचे दोन गुन्हेगार आता वेगवेगळे उभे करता येणार होते.

१०/
या कथेत मुंबईचाही वाटा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा हेन्री व्हँडाइक कार्टर हा ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाचा चित्रकार म्हणून ओळखला जातो. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत लोंढ्याने आलेल्या गरिबांमध्ये ताप पसरला, तेव्हा त्याने रक्त तपासून हा उलटणारा ताप मळसूत्रासारख्या जिवाणूचा आहे, असे दाखवले. दशकभरानंतर लाव्हेराँचा परजीवी त्याने भारतीय रुग्णांच्या रक्तात पाहिला. नाडी आणि जीभ पाहून तापाचे नाव ठरवण्याच्या काळात, तापाचे नाव रक्ताला विचारावे, हा त्याचा आग्रह होता.

११/
१८९६ मध्ये फेर्नां विडाल याने टायफॉइडसाठी, रुग्णाच्या रक्तद्रवाने जिवाणूंच्या गुठळ्या होतात का हे पाहणारी चाचणी दिली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरभित्तीत मलेरियाचा परजीवी सापडला. आता मलेरियाचा वाहक डास, टायफॉइडचा मार्ग दूषित अन्नपाणी. एकाचे निदान काचपट्टीवर, दुसऱ्याचे चाचणीनळीत. जोडनावाला आता जागा उरली नव्हती.

१२/
त्या जोडनावाची किंमत १८९८ मध्ये उघड झाली. स्पेनशी युद्ध पुकारल्यावर अमेरिकेने स्वयंसेवकांच्या मोठमोठ्या छावण्या उभारल्या. तिथे तापाची साथ आली. अनेक छावण्यांतील डॉक्टर ‘मलेरिया’, ‘टायफो-मलेरियल’ अशी नोंद करून क्विनाइन देत राहिले. मलेरियासाठी शौचखड्डे झाकावे लागत नाहीत, पाणी उकळावे लागत नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी राहून गेल्या.

१३/
चौकशीसाठी वॉल्टर रीड, व्हिक्टर वॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांचे मंडळ नेमले गेले. त्यांनी छावण्या पालथ्या घातल्या, नोंदी तपासल्या, रक्ताच्या चाचण्या करवल्या. निष्कर्ष कठोर होता. बहुसंख्य ‘मलेरिया’ हा मलेरिया नव्हताच. तो टायफॉइड होता. मंडळाने मोजलेले टायफॉइडचे रुग्ण २०,७३८ आणि मृत्यू १,५८०. यांतील बहुतेकांनी रणांगण पाहिलेसुद्धा नव्हते.

१४/
त्या काळचे सर्वांत वजनदार वैद्यकशिक्षक विल्यम ऑस्लर हेही या शब्दाच्या विरोधात होते. टायफॉइड आणि मलेरिया एकाच रुग्णात क्वचित एकत्र येऊ शकतात, पण ‘टायफो-मलेरियल’ हे बहुतेक वेळा चुकलेल्या निदानावरचे पांघरूण असते, असा त्यांचा रोख होता. विसावे शतक उजाडले आणि पाठ्यपुस्तकांतून हा रोग हळूहळू पुसला गेला.

१५/
इथवरची कथा विज्ञानाच्या विजयाची वाटते. जुना गोंधळ गेला, नवी शिस्त आली : एक ताप, एक जंतू, एक औषध. या शिस्तीने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्याच शिस्तीतून एक नवी सवयही जडली. काचपट्टीवर मलेरियाचा परजीवी दिसला की डॉक्टरांचा शोध तिथेच थांबू लागला.

१६/
पुढचा धागा पहिल्या महायुद्धातल्या सालोनिका आघाडीवर सापडतो. ग्रीसच्या उत्तरेकडील हा प्रदेश मलेरियाने ग्रासलेला. तिथल्या ब्रिटिश फौजेत मलेरियासाठी रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी दीड लाखाच्या वर गेल्या. याच आघाडीवर सर्बियन सैन्यासोबत लुडविक हिर्शफेल्ड हा पोलिश जिवाणुशास्त्रज्ञ काम करत होता. टायफॉइडसारख्या तापाच्या रुग्णांत त्याला साल्मोनेला कुळातला एक नवा जिवाणू सापडला. तोच पॅराटायफॉइड ‘सी’.

१७/
जाता जाता : याच हिर्शफेल्डने पत्नी हाना हिच्यासह सालोनिकात जमलेल्या नाना देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत हिंदुस्थानी सैनिकही होते. मानवी समूहांमध्ये रक्तगटांचे प्रमाण वेगवेगळे असते, हे दाखवणारा हा आरंभीचा मोठा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८/
दहा वर्षांनंतर दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना. बॉक्साइट कंपनीच्या नोकरीत असलेला जॉर्ज जिग्लिओली हा तरुण इटालियन डॉक्टर जंगलकाठच्या वस्तीत तापाचे रुग्ण पाहत होता. त्याला हाच पॅराटायफॉइड ‘सी’ वारंवार भेटू लागला. त्याने बारकाईने पाहिले तर जवळपास प्रत्येक वेळी रुग्णाला मलेरियाही असे. १९२९ च्या सुमारास त्याने हा संबंध नोंदवला : मलेरियाने पोखरलेल्या शरीरात हा जिवाणू शिरकाव करतो.

१९/
म्हणजे ऑस्लरने ‘क्वचित’ म्हटलेली गोष्ट गियानात नेहमीची होती. फरक इतकाच की आता ती अंदाजाने सांगितली जात नव्हती. परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली आणि जिवाणू संवर्धनात, असे दोन्ही पुरावे हाती होते. तरीही वसाहतीच्या एका कोपऱ्यातले हे निरीक्षण फारसे कोणी मनावर घेतले नाही. जिग्लिओली पुढे गाजला तो डीडीटी वापरून गियानाच्या किनारपट्टीवरचा मलेरिया हटवल्याबद्दल.

२०/
प्रश्न उरला तो ‘का’ हा. १९६० च्या दशकात अमेरिकेत के आणि हुक या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या की साल्मोनेलापुढे ते हतबल होत. उंदरांचा मलेरिया दिल्यावरही तेच घडे. धागा रक्तपेशींच्या विध्वंसापाशी येऊन पोचला होता.

२१/
आता ही यंत्रणा बरीच उलगडली आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्यांतून ‘हीम’ हा लोहयुक्त घटक रक्तात सांडतो. हीम शरीराला विषारी, म्हणून ते निकामी करणारे विकर (एन्झाइम) शरीर वाढवते. पण या धांदलीत अस्थिमज्जेतून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या पेशी अर्धवट तयार असतात. त्या जिवाणूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. २०१२ मध्ये कनिंगटन, रायली आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांत दाखवून दिले.

२२/
सोप्या भाषेत : घराला आग लागली आहे म्हणून पहारेकऱ्याला पाणी मारायला बोलावले, आणि दरवाजा उघडा राहिला. त्यात फाल्सिपॅरम जातीचा परजीवी आतड्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत साचतो आणि आतड्याची भिंत झिरपू लागते. एरवी आतड्यात अडकून राहिले असते ते जिवाणू मग रक्तात उतरतात.

२३/
इथे वुडवर्डपासूनचा एक बारकावा सुटता कामा नये. मलेरियाशी पक्की गाठ दिसते ती टायफॉइडच्या जिवाणूची नव्हे, त्याच्या भाऊबंदांची. साल्मोनेलाच्या या जाती एरवी फार तर जुलाब-उलट्यांवर निभावतात. पण मलेरियाने क्षीण झालेल्या, रक्त कमी असलेल्या मुलाच्या रक्तात शिरल्या की प्राणघातक ठरतात. १९८७ मध्ये मेबी, ब्राउन आणि ग्रीनवुड यांनी पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या मुलांमध्ये या नात्याकडे लक्ष वेधले.

२४/
सर्वांत ठोस आकडे आले ते केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथून. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात १९९८ ते २००२ या काळात दाखल होणाऱ्या मुलांचे, लक्षणे काहीही असोत, सरसकट ब्लड कल्चर केले गेले. १६,५७० मुलांपैकी १,०९४ मुलांच्या रक्तात जिवाणू सापडले. रुग्णालयात दगावलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्क्यांच्या रक्तात ते होते. चाचणी नसती तर यांतील अनेक मृत्यू नुसते ‘ताप’ किंवा ‘मलेरिया’ म्हणून नोंदले गेले असते.

२५/
पण मलेरिया आणि जिवाणू एकत्र दिसले म्हणून एकाने दुसऱ्याला वाट करून दिली, असे कसे म्हणायचे? दोन्ही गरिबीचे सोबती असू शकतात. हा पेच सोडवण्यासाठी किलिफीच्या संशोधकांनी सिकलसेल वापरला. आई किंवा वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेल्या मुलांना मलेरियापासून बरेच संरक्षण असते. ही वाटणी जन्मतः होते. घर गरीब की श्रीमंत, हे ती पाहत नाही.

२६/
२०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अशा मुलांमध्ये रक्तातील जिवाणूसंसर्गही खूपच कमी होता. हिशेब असा निघाला की, जिथे २९ टक्के मुलांच्या रक्तात मलेरियाचा परजीवी असतो, तिथे जिवाणूसंसर्गाच्या ६२ टक्के घटनांचे मूळ मलेरियात असते. त्या भागात मलेरिया ओसरत गेला, तसतसे जिवाणूसंसर्गाने दाखल होणारी मुलेही घटत गेली. गांबियातही मलेरियाबरोबर साल्मोनेलाची पीछेहाट दिसली.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी या निकालाचा अर्थ मोठा आहे. मृत्युनोंदीत ‘मलेरिया’ या रकान्यात जेवढे आकडे असतात, तेवढेच बळी मलेरिया घेत नाही. तो दुसऱ्या रोगाला दार उघडून देतो आणि तो मृत्यू भलत्याच रकान्यात जातो. वसाहतकाळातील तापाचे तक्ते वाचताना, एका रकान्यातला ‘मलेरिया’ कमी झाला म्हणजे काय काय कमी झाले असेल, हा प्रश्न विचारावाच लागतो.

२८/
वर्तमानासाठी अर्थ आणखी थेट आहे. मलेरियाचा जोर असलेल्या प्रदेशात अनेकांच्या रक्तात परजीवी असतात, पण ते आजारी नसतात. म्हणून काचपट्टीवर परजीवी दिसला, तरी समोरचे मूल त्यानेच आजारी आहे, असे सिद्ध होत नाही. ब्लड कल्चरला प्रयोगशाळा लागते, दोन-तीन दिवस लागतात. मुलापाशी तेवढा वेळ नसतो. म्हणूनच मलेरियाचा जोर असलेल्या भागांत, गंभीर मलेरियाच्या मुलांना मलेरियाच्या औषधाबरोबर प्रतिजैविकही सुरू करावे आणि जिवाणूसंसर्ग नाही असे ठरेपर्यंत थांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२९/
याची उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे. ‘मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही निघाले’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा त्यामागे एकट्या विडाल चाचणीचा कागद असतो. जुना संसर्ग, आधी घेतलेली लस, इतकेच काय, खुद्द मलेरियाही ही चाचणी फसवू शकतो. त्यामुळे दोन्ही खरोखर असतातच असे नाही. १८६२ चे जोडनाव असे आजही वेगळ्या वेषात वावरते, आणि विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणू मात्र निर्ढावत जातात.

३०/
मग वुडवर्ड बरोबर होता की चूक? त्याच्या नावाखाली लपलेल्या बहुतेक रुग्णांना निव्वळ टायफॉइड असावा; तिथे रीडचे मंडळ आणि ऑस्लर बरोबर ठरतात. पण एका देहात दोन रोग एकमेकांना हात देऊ शकतात, ही त्याची मूळ शंका निराधार नव्हती. ती सिद्ध करण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. आणि साधने आली तोवर शंका घेणेच मागे पडले होते.

३१/
विज्ञानाच्या इतिहासात ‘टाकून दिलेली कल्पना’ दिसली की ती अज्ञानाच्या खात्यावर मांडून पुढे जाणे सोपे असते. टायफो-मलेरियल ज्वर हे नाव मोडीत निघाले ते योग्यच झाले. मात्र त्या नावाबरोबर एक खरा प्रश्नही अडगळीत गेला. तो पुन्हा बाहेर काढायला गियानाचा एक डॉक्टर, प्रयोगशाळेतले उंदीर आणि किलिफीच्या हजारो मुलांचे रक्त लागले. ‘विषमज्वर’ या आपल्या शब्दाच्या पोटात दोन रोग आहेत. तापाने फणफणलेल्या रुग्णापाशी बसलेल्या माणसाने दोन्हींचा विचार करावा, एवढे तरी त्या शब्दाकडून शिकता येते.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #मराठी